जीएलपी-१ रिसेप्टरची अँटिबॉडी: खान्देशातल्या प्रयोगशाळांकडून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, शिरपूर इथल्या फार्मसी, बायोटेक आणि मेडिकल कॉलेजांतले पीएच.डी.चे आणि एम.फार्म.चे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. अँटिबॉडी अजून मागवली नसेल तर आधी प्रश्न ४ ते ६ वाचा. मागवून झाली असेल तरीही तेच आधी वाचा.

१. हा रिसेप्टर नेमका काय आहे आणि अँटिबॉडीने त्याचं काय कळतं?

जेवल्यावर लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या आणि मोठ्या आतड्यातल्या एल-पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींच्या पृष्ठभागावर त्याचा रिसेप्टर असतो. संप्रेरक त्याला चिकटलं की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी वाढतं आणि रक्तात ग्लुकोज चढलेलं असेल तर इन्सुलिन जास्त सुटतं. एक्झेनाटाइड (अमेरिकेत २००५ साली मान्यता), लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही औषधं याच रिसेप्टरवर काम करतात, म्हणूनच सगळ्यांना आता तो मोजायचा आहे.

माणसातला हा रिसेप्टर ४६३ अमिनो आम्लांचा असतो. तो पेशीपटलातून सात वेळा आरपार जातो. एन-टोक बाहेर, सी-टोक आत. अँटिबॉडी यातल्या एखाद्या लहानशा भागाला, म्हणजे एपिटोपला, चिकटते. त्यामुळे फक्त ‘हा भाग इथे आहे’ एवढंच कळतं. रिसेप्टर चालू आहे की नाही ते अँटिबॉडी सांगत नाही, त्यासाठी सायक्लिक एएमपी मोजावं लागतं.

२. मला शुगर आहे. ही तपासणी गावातल्या लॅबमध्ये करून मिळेल का?

नाही. ही अँटिबॉडी फक्त संशोधनासाठी विकली जाते, तिच्या आधारे कुणाचंही निदान करता येत नाही. रिसेप्टर पेशीपटलात रुतलेला असतो, रक्त काढून तो मोजायची तपासणी नाही. सेमाग्लुटाइडसारखं औषध तुम्हाला लागू पडेल का, हे डॉक्टर एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), वजन, किडनीचे रिपोर्ट आणि तुमचा पूर्वेतिहास बघून ठरवतात.

३. कॅटलॉगमध्ये ‘जीएलपी-१’ टाकलं की ढीगभर निकाल येतात. माझी कोणती?

त्यातल्या बऱ्याच अँटिबॉडी संप्रेरकाच्या असतात, रिसेप्टरच्या नव्हे. संप्रेरकाची अँटिबॉडी आतड्यातल्या एल-पेशी रंगवते, रिसेप्टरची स्वादुपिंडाच्या आयलेटमधल्या (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या बेटांमधल्या) बीटा पेशी. नावाच्या शेवटी ‘आर’ आहे की नाही, एवढं न बघता ऑर्डर दिली तर पैसे वाया गेले समजा. जीएलपी-२ रिसेप्टर, जीआयपी रिसेप्टर आणि ग्लुकागॉन रिसेप्टर ही याच कुळातली भावंडं. त्यांच्याशी क्रॉस-रिॲक्शन, म्हणजे अँटिबॉडी चुकून त्यांनाही चिकटते का, तपासली आहे का, हे डेटाशीटमध्ये बघा.

नाव बरोबर असलं तर चार गोष्टी वाचा: कोणत्या प्राण्याच्या रिसेप्टरवर तपासली, कोणत्या कामासाठी तपासली (वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून त्यांचा पट्टा, म्हणजे बँड, शोधणं; पॅराफिन सेक्शन, म्हणजे मेणात बसवलेल्या ऊतीचे पातळ काप; फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणं), एपिटोप कोणत्या भागात आहे, आणि नॉकआउटचा, म्हणजे रिसेप्टरचं जनुक काढून टाकलेल्या प्राण्यावरच्या तपासणीचा, पुरावा आहे का. चौथी गोष्ट नसेल तर पहिल्या तिघींवर फार विसंबू नका. कारण पुढच्या उत्तरात आहे.

४. या रिसेप्टरच्या अँटिबॉडींची एवढी बदनामी का?

कारण त्यातल्या अनेक अँटिबॉडी रिसेप्टर नसलेल्या ऊतीतही बँड दाखवतात. रिसेप्टरचं जनुक काढून टाकलेले उंदीर १९९६ पासून उपलब्ध आहेत. २०१३ साली बाजारातल्या काही अँटिसिरमची अशा उंदरांच्या ऊतींवर तपासणी प्रसिद्ध झाली. साध्या उंदरात जो बँड दिसत होता, तोच नॉकआउटमध्येही तसाच दिसला. म्हणजे तो बँड दुसऱ्याच कुठल्या तरी प्रथिनाचा होता. हृदय, यकृत, स्नायू अशा ठिकाणी हा रिसेप्टर ‘सापडल्याचे’ जे जुने दावे आहेत, त्यातले बरेच याच प्रकारच्या अँटिबॉडींवर उभे आहेत.

असं होण्याचं कारण रिसेप्टरच्या स्वभावात आहे. एक तर तो फार कमी प्रमाणात असतो. दुसरं, बरीचशी पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असलेली) सिरम छोट्या कृत्रिम पेप्टाइडविरुद्ध बनवलेली असतात. पेप्टाइड मोकळं असतं, खरा रिसेप्टर पटलात घडी घालून, अंगावर साखरेच्या साखळ्या घेऊन बसलेला असतो. त्यामुळे पेप्टाइडला घट्ट धरणारी अँटिबॉडी रिसेप्टरला धरेलच असं नाही. पण ऊतीत दुसरं एखादं प्रथिन हजारपट असेल, तर थोड्याशा साम्यावर ती त्यालाच जाऊन चिकटते. बँड ठळक येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काम झालं.

पुरवठादाराच्या ब्रोशरमध्ये एकाच लेनचा चकचकीत ब्लॉट असेल आणि शेजारी रिसेप्टर नसलेला नमुना नसेल, तर त्या चित्राची किंमत शून्य धरा. ‘अमुक पेपरात वापरली आहे’ हाही पुरावा नाही. त्या पेपरातही कंट्रोल नसण्याची शक्यता बरीच असते.

५. मग भरवशाची अशी एखादी आहे की नाही?

आहे. माणूस आणि माकड यांच्या रिसेप्टरसाठी ३एफ५२ हा मोनोक्लोनल (एकाच प्रकारची अँटिबॉडी देणारा) क्लोन आहे, त्याची सविस्तर तपासणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. उंदरांच्या ऊतींसाठी ७एफ३८ हा क्लोन वापरला जातो. दोन्ही अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या हायब्रिडोमा बँकेकडून (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या भांडाराकडून) मिळतात आणि व्यापारी कंपन्यांच्या तुलनेत स्वस्त पडतात. माणसासाठीचा क्लोन उंदरावर वापरून ‘रिसेप्टर नाही’ असा निष्कर्ष काढू नका, तिथे एपिटोपच जुळत नसेल.

३एफ५२ ने जे चित्र समोर आलं ते लक्षात ठेवा, पुढे कंट्रोलसाठी कामाला येतं: बीटा पेशींवर ठळक, ड्युओडेनममधल्या ब्रुनर ग्रंथींवर ठळक, किडनी आणि फुप्फुसातल्या लहान धमन्यांच्या गुळगुळीत स्नायूंवर, हृदयाच्या सायनोएट्रियल नोडमधल्या पेशींवर. हृदयाच्या साध्या स्नायूपेशींवर नाही.

दुसरी कोणतीही अँटिबॉडी घ्यायची असेल तर घ्या, पण तिच्या चाचणीची जबाबदारी तुमच्यावर येते. ती कशी करायची ते पुढच्या उत्तरात.

६. आमच्याकडे नॉकआउट उंदीर नाहीत. खान्देशात बसून कंट्रोल आणायचा कुठून?

एचईके-२९३ (माणसाच्या भ्रूणाच्या किडनीपासून वाढवलेल्या) पेशी घ्या. त्यांच्यात हा रिसेप्टर जवळजवळ नसतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी भांडाराकडून नेहमीच्या सेल लाइन मागवता येतात. सहा वेलच्या प्लेटमध्ये तीन वेलना रिसेप्टरचा प्लाझ्मिड (त्याचं जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ), तीनना रिकामा वेक्टर (तेच वर्तुळ, जनुकाशिवाय) द्या, म्हणजे ट्रान्सफेक्ट करा, ४८ तासांनी लायसेट (पेशी फोडून मिळणारं द्रव) काढा. एका जेलवर दोन्ही शेजारी-शेजारी चालवा. बँड फक्त पहिल्यात आला तर अँटिबॉडी निदान रिसेप्टरला ओळखते. दोन्हीत आला तर तो बँड विसरून जा.

प्लाझ्मिड घेताना टॅग (प्रथिनाला जोडलेली ओळखीची खूण) असलेला घेणं फायद्याचं. टॅगच्या अँटिबॉडीने तोच ब्लॉट परत तपासला की बँड बरोबर ठिकाणी आहे का हे पक्कं होतं. मात्र टॅग एन-टोकाला असेल तर तो सिग्नल पेप्टाइडच्या नंतर हवा. सुरुवातीची २३ अमिनो आम्लं रिसेप्टर तयार होताना कापली जातात. टॅग त्यांच्या आधी लावलेला असेल तर तोही कापला जाईल आणि तुम्ही रिकाम्या ब्लॉटकडे बघत बसाल.

हा कंट्रोल जरुरीचा आहे, पण पुरेसा नाही. ट्रान्सफेक्ट केलेल्या पेशीत रिसेप्टर ओसंडून वाहत असतो, खऱ्या ऊतीत चिमूटभर असतो. म्हणून दुसरी पायरी म्हणजे नैसर्गिक पातळीचा नमुना: उंदराच्या इन्सुलिनोमापासून (बीटा पेशींच्या गाठीपासून) आलेल्या एमआयएन६ (माउस) किंवा आयएनएस-१ ८३२/३ (रॅट) पेशी. त्यांच्यात एसआयआरएनएने (जनुकाचा संदेश तोडणाऱ्या छोट्या आरएनएने) रिसेप्टर कमी करा. बँड त्याच प्रमाणात फिका व्हायला हवा.

पेप्टाइड ब्लॉकिंगला, म्हणजे अँटिबॉडीत आधी पेप्टाइड मिसळून बँड जातो का हे बघण्याला, कंट्रोल मानू नका. चुकीच्या प्रथिनाला चिकटलेली अँटिबॉडीसुद्धा पेप्टाइड टाकल्यावर सुटते. बँड गेला म्हणजे अँटिबॉडी पेप्टाइड ओळखते एवढंच कळलं, आणि ते बनवणाऱ्याला आधीच माहीत होतं.

७. मे महिन्यात मागवली तर खराब होईल का?

अँटिबॉडी म्हणजे आयजीजी, तसं चिवट प्रथिन. एक-दोन दिवस साध्या तापमानाला राहिली तर बहुतेक वेळा काही होत नाही. पण जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असताना उन्हात उभ्या कुरिअरच्या गाडीत ‘साधं तापमान’ राहत नाही. ऑर्डर देताना तीन गोष्टी लिहून मागा: पार्सल मुंबई किंवा पुण्याहून सोमवारी निघावं, म्हणजे शनिवार-रविवारी गोदामात पडून राहणार नाही, थर्माकोलच्या जाड बॉक्समध्ये पुरेसे जेल पॅक असावेत, आणि पावतीवर कॉलेजच्या ऑफिसचा नव्हे तर प्रयोगशाळेतल्या माणसाचा मोबाइल असावा. पार्सल ऑफिसच्या टेबलावर दोन दिवस पडतं, प्रवासात तेवढं बिघडत नाही.

बॉक्स उघडताना जेल पॅक गार आहेत का ते बघा, फोटो काढा, तारीख-वेळ लिहा. पॅक वितळून कोमट झाले असतील तर फेकू नका. प्रश्न ६ मधल्या एचईके लायसेटवर चालवा, चालली तर वापरा. नाही चालली तर फोटो दाखवून बदलून मागा.

८. साठवायची कुठे? आमच्याकडे लाइट जाते.

पहिल्यांदा बाटली छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा. ५० किंवा १०० मायक्रोलिटरमधलं बरंचसं झाकणाला चिकटलेलं असतं. ग्लिसरॉल ५० टक्के असेल तर उणे २० ला ते गोठत नाही, वाटण्या न करताही चालतं. ग्लिसरॉल नसेल तर १० ते २० मायक्रोलिटरच्या वाटण्या करून उणे २० ला ठेवा आणि एकदा वितळलेली परत गोठवू नका, ४ अंशाला ठेवून काही आठवड्यांत संपवा. दहाच्या खाली वाटणी करू नका, नळीच्या भिंतीलाच बरंच प्रथिन चिकटून राहतं. भुकटी स्वरूपात आली असेल तर डेटाशीटवर लिहिलेलं द्रवच, तेवढंच घाला. हायब्रिडोमा बँकेच्या सुपरनेटंटसाठी (पेशी वाढवलेल्या द्रवासाठी) त्यांच्या शीटमधली सूचना पाळा.

बर्फ न धरणाऱ्या, म्हणजे फ्रॉस्ट-फ्री, घरगुती फ्रीझरमध्ये अँटिबॉडी ठेवू नका. बर्फ काढण्यासाठी तो आपणहून थोडा तापतो आणि ग्लिसरॉल नसलेली वाटणी प्रत्येक वेळी अर्धवट वितळते. लाइट जाण्यावर उपाय सोपा: वाटण्या एका छोट्या थर्माकोल डब्यात, चहूबाजूंनी गोठवलेले जेल पॅक लावून, तो डबा फ्रीझरच्या तळाशी. फ्रीझर भरलेला ठेवा, लाइट गेल्यावर उघडू नका. कार्यालयीन वेळेबाहेर लाइट फार वेळ गेली होती का हे कळावं म्हणून एका पारदर्शक रुंद नळीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणं ठेवायची युक्ती चालते. नाणं बुडालेलं दिसलं की समजायचं, बर्फ वितळला होता.

९. वेस्टर्नवर बँड नेमका कुठे यायला हवा? कुणी ५३ म्हणतं, कुणी ६३.

क्रमवारीवरून मोजलेलं वजन साधारण ५३ किलोडाल्टन आहे, सिग्नल पेप्टाइड कापलं गेलं की त्याहून थोडं कमी. पण रिसेप्टरवर तीन ठिकाणी एन-ग्लायकोसिलेशन होतं, त्यामुळे पृष्ठभागावर पोचलेला रिसेप्टर सुमारे ६० ते ६५ च्या जागी पसरट बँड देतो. खाली ५० च्या आसपास दुसरा बँड दिसला तर तो पेशीच्या आतला अर्धवट तयार झालेला रिसेप्टर असू शकतो.

यातून एक चांगली परीक्षा मिळते. लायसेटचा अर्धा भाग पीएनजीएज एफ या एन्झाइमने प्रक्रिया करून शेजारच्या लेनमध्ये चालवा. खरा रिसेप्टर असेल तर पसरट बँड खाली सरकून अणकुचीदार होईल. बँड जागचा हललाच नाही तर तो बहुधा रिसेप्टर नाही, भले तो ६३ वर असो. सिरम अल्ब्युमिन ६६ च्या आसपास असतं आणि रक्त नीट न धुतलेल्या ऊतीत ते भरपूर असतं, हे विसरू नका. ११० ते १३० ला बँड असेल तर पुढचं उत्तर वाचा.

१०. नमुना पाच मिनिटं उकळला, जेलच्या वर सगळा धूर दिसतो. काय चुकलं?

उकळणंच. सात वेळा पटलातून जाणारी प्रथिनं ९५ अंशाला तापवली की एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, ते जेलमध्ये शिरतच नाहीत किंवा दुप्पट वजनाच्या जागी दिसतात. नेहमीचा नमुना बफर आणि ताजं डीटीटी वापरून ३७ अंशाला ३० मिनिटं ठेवा. एकाच लायसेटचे तीन भाग (खोलीचं तापमान, ३७, ९५) एकाच जेलवर चालवून बघा, पुन्हा कधी उकळायची इच्छा होणार नाही. मात्र मे महिन्यात आमच्याकडे ‘खोलीचं तापमान’ म्हणजे एसी नसलेल्या खोलीत ४० असू शकतं, तेव्हा हीट ब्लॉकवर आकडा बघूनच ठेवा.

बाकी पद्धत थोडक्यात: पेशी बर्फावर, प्रोटिएज इनहिबिटर घातलेल्या एक टक्का डिटर्जंटच्या लायसिस बफरमध्ये ३० मिनिटं. १०,००० जी ला १० मिनिटं फिरवून वरचं द्रव घ्या. १० टक्के जेल, प्रति लेन २० ते ४० मायक्रोग्रॅम. पीव्हीडीएफ मेम्ब्रेन आधी मिथेनॉलमध्ये भिजवा, वेट ट्रान्सफर १०० व्होल्टला ९० मिनिटं, टाकी बर्फात. पाच टक्के स्किम्ड दुधात एक तास ब्लॉक. प्रायमरी (म्हणजे रिसेप्टरची) अँटिबॉडी रात्रभर ४ अंशाला, टीबीएसटीने (डिटर्जंट घातलेल्या बफरने) १० मिनिटांचे तीन धुण्याचे फेरे, एचआरपी सेकंडरी (प्रायमरीला चिकटणारी, एचआरपी हे एन्झाइम लावलेली अँटिबॉडी) १:५००० ने एक तास, परत तीन फेरे, मग ईसीएल (एचआरपीमुळे प्रकाश देणारं द्रव).

प्रायमरीचं प्रमाण ‘१:१०००’ असं पाठ करू नका, मायक्रोग्रॅममध्ये मोजा. एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची बाटली १:१००० केली की एक मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं. हायब्रिडोमाचं सुपरनेटंट मात्र मुळातच पातळ असतं, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर १:१००० करून त्यात काहीच उरत नाही. त्याला १:१०० म्हणजे अर्धा मायक्रोग्रॅम, वेस्टर्नला बरोबर. सेक्शनसाठी २ ते ५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करा.

११. अख्ख्या स्वादुपिंडाच्या लायसेटमध्ये काहीच दिसत नाही. अँटिबॉडी खराब?

अँटिबॉडी खराब आहे की नाही हे एचईकेच्या लेनवरून ठरवा, ती लेन प्रत्येक जेलवर हवीच. बहुतेक वेळा दोष गणितात असतो. आयलेट म्हणजे स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्के. ४० मायक्रोग्रॅम लायसेट भरलं तर त्यात आयलेटचं प्रथिन एक मायक्रोग्रॅमहून कमी, आणि त्यात हा दुर्मिळ रिसेप्टर. शिवाय उरलेलं स्वादुपिंड पाचक एन्झाइमने भरलेलं, जे काढल्या क्षणापासून सगळं पचवायला लागतात.

मार्ग दोन. कोलॅजिनेजने आयलेट वेगळे करा, उंदीर असेल तर हेच योग्य. नाही तर मेम्ब्रेनचा अंश गोळा करा: ०.२५ मोलर सुक्रोज बफरमध्ये बर्फावर होमोजिनाइज, ८०० जी ला १० मिनिटं (खालचा गाळ फेका), मग वरचं द्रव १,००,००० जी ला एक तास. अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसेल तर २०,००० जी ला तासभर फिरवा, गाळ कच्चा मिळतो पण कामाचा असतो. तरीही अख्ख्या स्वादुपिंडासाठी वेस्टर्नपेक्षा सेक्शन (प्रश्न १३) कितीतरी बरं.

१२. सातपुड्यातल्या वनस्पतीचा अर्क स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या उंदरांना दिला. रिसेप्टर ‘वाढला’ हे वेस्टर्नने दाखवायचं आहे.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर प्रयोग आखण्याआधी वाचलेलं बरं. स्ट्रेप्टोझोटोसिन बीटा पेशी मारतं. रिसेप्टर मुख्यतः बीटा पेशींवर असतो. म्हणजे मधुमेही गटात रिसेप्टर कमी दिसला तर त्याचा अर्थ बहुतेक ‘पेशी कमी झाल्या’ एवढाच. अर्क दिलेल्या गटात बँड ठळक झाला तर कदाचित अर्कामुळे काही बीटा पेशी वाचल्या. ही चांगली बातमी आहे, पण ‘अर्क रिसेप्टरची निर्मिती वाढवतो’ हे त्यातून सिद्ध होत नाही. ॲक्टिनने नॉर्मलाइज करून, म्हणजे सगळ्या पेशींत असणाऱ्या ॲक्टिन या प्रथिनाच्या प्रमाणात मोजून, हा घोळ मिटत नाही, कारण स्वादुपिंडातलं जवळजवळ सगळं ॲक्टिन ॲसिनार (पाचक एन्झाइम बनवणाऱ्या) पेशींचं असतं.

प्रति बीटा पेशी किती, हे दाखवायचं असेल तर सेक्शनवर इन्सुलिन आणि रिसेप्टर यांचं दुहेरी फ्लोरेसन्स रंगकाम करा. इन्सुलिन असलेल्या क्षेत्रातली रिसेप्टरची तीव्रता आणि इन्सुलिनचं एकूण क्षेत्रफळ हे दोन आकडे वेगवेगळे मांडा. कोणता उंदीर कोणत्या गटातला हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. अर्काचा थेट परिणाम तपासायचा तर आयएनएस-१ पेशींवर अर्क देऊन बघा, तिथे पेशी मरत नाहीत ना हे आधी तपासून.

रंगीत अर्कांचा आणखी एक त्रास: पॉलिफेनॉल स्वतः चमकतात आणि हिरव्या चॅनेलमध्ये खोटा सिग्नल देतात. अँटिबॉडी न लावलेला एक सेक्शन अर्काच्या गटातलाच ठेवा.

१३. पॅराफिन सेक्शनची पद्धत आणि त्यात काय काय बिघडतं?

स्वादुपिंड प्राण्याच्या मृत्यूनंतर काही मिनिटांत दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवं, तुकडे पाच मिलिमीटरहून जाड नकोत, २४ तासांनी बाहेर. साध्या फॉर्मॅलिनमध्ये आठवडाभर ठेवलेल्या ऊतीत एपिटोप इतका जखडलेला असतो की नंतर काही केलं तरी निघत नाही. चार मायक्रॉनचे सेक्शन, चार्ज्ड स्लाइडवर, ६० अंशाला एक तास.

पॅराफिन काढून अँटिजेन रिट्रीव्हल (जखडलेला एपिटोप मोकळा करणं): ट्रिस-ईडीटीए पीएच ९ आणि सिट्रेट पीएच ६ दोन्ही करून बघा आणि चांगला निघेल तो कायम करा. प्रेशर कुकरने काम होतं, बफरमधून स्लाइड बाहेर काढण्याआधी २० मिनिटं थंड होऊ द्या, नाही तर सेक्शन सुटून तरंगतं. तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, ब्लॉकिंग, प्रायमरी रात्रभर ४ अंशाला ओलसर डब्यात, पॉलिमर सेकंडरी, मग डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन) सूक्ष्मदर्शकाखाली बघत. आपल्या उन्हाळ्यात डब्यातला ओलावा पटकन उडतो आणि सेक्शनच्या कडा तपकिरी होतात, त्यामुळे डब्यात ओला टिश्यू जास्त ठेवा.

कंट्रोलचा ब्लॉक ड्युओडेनमचा घ्या, ब्रुनर ग्रंथींसह. तिथे ठळक आणि शेजारच्या गॉब्लेट पेशींवर काहीच नाही, अशी स्लाइड आली की निम्मी काळजी मिटली. उंदरात बनवलेली अँटिबॉडी उंदराच्याच ऊतीवर वापरत असाल तर सेकंडरी ऊतीतल्या स्वतःच्या आयजीजीलाही पकडते आणि प्लाझ्मा पेशी, रक्तवाहिन्या रंगतात. त्यासाठी ‘माउस-ऑन-माउस’ ब्लॉकिंग किट किंवा थेट बायोटिन लावलेली प्रायमरी घ्या. प्रायमरी न घातलेली स्लाइड दरवेळी हवीच, आणि त्याच प्रकारच्या पण बिनकामाच्या आयजीजीची एक.

रंग सगळ्या पेशींच्या आत दाणेदार आणि पटलावर काहीच नाही, तर संशय घ्या. स्वादुपिंडाच्या ॲसिनार पेशी ‘कुठलीही’ अँटिबॉडी थोडीफार धरतात.

१४. उंदीर महाग. मटणाच्या दुकानातून बोकडाचं स्वादुपिंड आणलं तर?

सराव म्हणून चालेल, निष्कर्षासाठी नाही. बोकडाच्या रिसेप्टरवर अँटिबॉडी चालते हे कुणी तपासलेलं नसेल तर तुम्हाला दिसणाऱ्या रंगाचा अर्थ लावता येत नाही. आधी एपिटोपचा क्रम बोकडाच्या क्रमाशी जुळवून बघा, एपिटोप जाहीर केलेला नसेल तर विषयच संपला. दुकानात पोचेपर्यंत अवयवाचा तासभर गेलेला असतो, एवढ्यात स्वादुपिंड स्वतःला पचवायला लागतं. खाटकाला आधी सांगून फॉर्मॅलिनची बाटली घेऊन पहाटे उभं राहिलात तर मात्र सेक्शन कापायचा हात चांगला बसतो.

१५. औषध देऊन बघितलं तर फ्लो सायटोमेट्रीत रिसेप्टर एकदम कमी झाला. औषधामुळे?

दोन वेगळी कारणं असू शकतात. एक्झेंडिन-४ सारखं ॲगोनिस्ट (रिसेप्टर चालू करणारं औषध) दिल्यावर रिसेप्टर काही मिनिटांत पेशीच्या आत ओढला जातो. दुसरं, ॲगोनिस्ट बाहेरच्या एन-टोकाच्या भागालाही चिकटतं, अँटिबॉडीचा एपिटोपही तिथे असेल तर तो झाकला जातो. ओळखायचं असं: एका नळीत औषध ४ अंशाला बर्फावर द्या. तिथे रिसेप्टर आत जात नाही. सिग्नल तरीही कमी झाला तर एपिटोप झाकला गेला आहे. दुसऱ्या नळीत पेशी पक्क्या करून, सॅपोनिनने भोकं पाडून, एकूण रिसेप्टर मोजा.

जिवंत पेशींवर रंगकाम कायम बर्फावर करा आणि मेलेल्या पेशींसाठी डाय घाला, मेलेली पेशी कोणतीही अँटिबॉडी धरते. एपिटोप सी-टोकाला असेल तर भोकं न पाडता काहीच दिसणार नाही.

१६. तीच कंपनी, तोच कॅटलॉग नंबर, पण नवी बाटली चालत नाही.

लॉट नंबर बघा. पॉलिक्लोनल म्हणजे ठरावीक प्राण्याचं ठरावीक वेळी काढलेलं सिरम, नवा लॉट हा जवळजवळ नवी अँटिबॉडीच. जुनी बाटली संपायच्या आधी नवी मागवून दोन्ही एकाच लायसेटवर शेजारी चालवा. पीएच.डी.चं काम तीन-चार वर्षं चालणार असेल तर मोनोक्लोनल घ्या, किंवा एकाच लॉटच्या पुरेशा बाटल्या एकदम.

१७. एचआरपी चालतच नाही, सगळा ब्लॉट कोरा.

सोडियम ॲझाइड. अँटिबॉडी टिकावी म्हणून ०.०२ टक्के घातलेलं असतं, ते एचआरपीला बंद पाडतं. प्रायमरीत असलं तर धुतलं जातं, पण सेकंडरी पातळ करायच्या बफरमध्ये कुणी ॲझाइड घातला असेल तर संपलं. ॲझाइड असलेलं द्रव बेसिनमध्ये ओतू नका, तांबे-शिशाच्या पाइपमध्ये स्फोटक क्षार तयार होतात. त्यात आम्लही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

१८. परवानग्या कोणत्या लागतात?

अँटिबॉडी विकत घ्यायला सहसा काही नाही. उंदरांसाठी सीसीएसईए (पूर्वीचं सीपीसीएसईए) नोंदणी असलेलं प्राणिगृह आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी, प्रयोग सुरू करण्याआधी. माणसाच्या ऊतीसाठी संस्थेची मानवी नीतिमत्ता समिती, जुने पॅथॉलॉजी ब्लॉक वापरले तरीही.

१९. अँटिबॉडीशिवाय हा रिसेप्टर दाखवता येतो का?

येतो, आणि कधीकधी तेच चांगलं. आरएनए शोधायचा तर इन सिटू हायब्रिडायझेशन किंवा क्यूपीसीआर (स्वादुपिंडात आरएनए तोडणारं एन्झाइम भरपूर असतं, काढताक्षणी आरएनएलेटरमध्ये टाका). रिसेप्टर जागेवर बघायचा तर फ्लोरेसंट लिगंड (रिसेप्टरला चिकटणारा चमकणारा रेणू), उदाहरणार्थ २०२० साली प्रसिद्ध झालेले लक्सेंडिन, किंवा चमकणारी खूण लावलेलं एक्झेंडिन(९-३९). हे ॲन्टॅगोनिस्ट (रिसेप्टर चालू न करता त्यावर बसणारे) असल्यामुळे रिसेप्टर आत ओढला जात नाही. अँटिबॉडीचा निकाल यांपैकी एकाशी जुळला तर परीक्षकाला विचारायला फार काही उरत नाही.

२०. प्रबंधात आणि पेपरात काय काय लिहायचं?

कंपनी, कॅटलॉग नंबर, क्लोन किंवा होस्ट, लॉट नंबर, आरआरआयडी (संशोधन साधनाचा ओळख क्रमांक), वापरलेलं प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये, नमुना किती अंशाला तापवला, आणि कोणत्या कंट्रोलवर तपासली. ब्लॉट कापलेला नको, मार्करसह पूर्ण चित्र परिशिष्टात द्या. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या व्हायव्हात कुणी मागो न मागो, जर्नल मागतंच.

२१. बाटलीवरची तारीख उलटून वर्ष झालं. टाकून द्यायची?

तारीख ही विक्रेत्याच्या हमीची मुदत आहे. नीट ठेवलेली अँटिबॉडी त्यानंतरही चालते. ज्या एचईके लायसेटवर पहिल्या दिवशी चालवली होती त्याचाच एक भाग उणे ८० ला जपून ठेवलेला असेल तर तोच काढा आणि जुन्या ब्लॉटच्या शेजारी ठेवून बघा. सिग्नल निम्मा झाला असेल तर प्रमाण दुप्पट करून सराव आणि प्राथमिक चाचण्यांना वापरा. प्रकाशनाच्या ब्लॉटला नवी. गढूळ दिसत असेल किंवा तळाशी गाळ बसला असेल तर १०,००० जी ला पाच मिनिटं फिरवून वरचंच द्रव घ्या, गाळ पार्श्वभूमीवर काळे ठिपके देतो.